ईएलसीबी कुठून आला आणि एमसीबी असून शॉक का बसतो

साईटवर नाहीतर वर्कशॉपमध्ये कोणाला शॉक बसला की हमखास विचारतात, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा, म्हणजे 'पडणारा' स्विच) कसा काय नाही पडला? तो पडणारच नव्हता. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोन्ही मुळात वायर तापून जळू नये म्हणून बसवतात, 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरपर्यंत गपगुमान बसतो आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाइतका करंट पुरतो. माणसाला वाचवायला लागतो तो ईएलसीबी, करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा.

आपल्याकडे वीज कारखान्यात आली तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. 1910 चा वीज कायदा झाला, 1915 ला खोपोलीहून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली, आणि सुरक्षितता म्हणजे फ्यूज, अर्थिंग आणि धोक्याची पाटी एवढंच. पुढे 1956 चे वीज नियम आले. पॅनल रूममध्ये शॉक बसल्यावर काय करायचं त्याचा चित्रांचा तक्ता धूळ खात लटकलेला असतो ना, तो या नियमांमुळे, आणि तो स्थानिक भाषेतसुद्धा लावायचा असं त्यात होतं.

खरा फरक पडला तो चार्ल्स डॅलझिएलच्या कामाने. हे कॅलिफोर्नियात बर्कलेला प्रोफेसर होते. त्यांनी स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या हातात तांब्याची तार दिली आणि करंट हळूहळू वाढवत नेला, हात कुठपर्यंत सोडवता येतो ते बघायला. पुरुषांची सरासरी निघाली साधारण 16 मिलिअँपिअर (मिलि म्हणजे हजारावा भाग), बायकांची साडेदहा. त्याच्या वर गेलं की स्नायू आवळतात आणि माणूस चिकटतो, ओरडायलाही जमत नाही कधीकधी. मग 1961 मध्ये त्यांनी असं यंत्र बनवलं की फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरमधून, गेलेला करंट न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरमधून, तेवढाच परत येतो का ते बघायचं, कमी आला म्हणजे बाकीचा कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून, की लगेच सप्लाय तोडायचा. आपला ईएलसीबी याच तत्त्वावर चालतो. त्यांच्या यंत्राची मर्यादा होती 5 मिलिअँपिअर, आपल्याकडे माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवतात. तसं दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींसाठी 1950 च्या दशकातच असं काम सुरू झालं होतं, ओल्या खाणीत माणसं मरत होती म्हणून.

आपल्या 1956 च्या नियमांत ईएलसीबीचं कलम नंतर घातलं गेलं, 61अ, पण त्यातही 5 किलोवॅटच्या आतल्या छोट्या जोडण्यांना सूट होती. मला हे फार खटकतं कारण ग्राइंडर आणि कटर चालवणारा पोरगा बहुतेक वेळा अशाच छोट्या जोडणीवर असतो, प्लग तुटला म्हणून उघड्या वायरी आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचलेल्या, खाली पाणी, आणि मशीनची अर्थची वायर कधीच कापून टाकलेली.

जिथे ईएलसीबी बसवलाय तिथे अजून एक प्रकार होतो, पावसाळ्यात तो सारखा पडायला लागला की वायरमनला सांगून बायपास करून टाकतात, काम थांबतं म्हणून. तो उगाच पडत नसतो. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांचे वेढे, ओलं झालेलं असतं नाहीतर कुठे केबल सोललेली असते, एकेक मशीन काढून बघा, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, सापडतं. आणि त्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण आहे ते महिन्यातून एकदा दाबा, नाही पडला तर त्याच दिवशी बदला.