मार्टिनीची नळी तोंडाकडून का झिजते

मार्टिनी ही एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल. जुन्या .२२ (इंच व्यासाच्या) मार्टिनीची लिव्हर खाली ओढली, की एकाच हालचालीत तीन कामे होतात. नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या ब्लॉकचे पुढचे टोक खाली झुकते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी मागे ढकलतो आणि काडतुसावर आपटून ते पेटवणारा स्ट्रायकर आतल्या आत चढतो. नवे काडतूस घालण्यासाठी पालथे झोपलेल्या नेमबाजाला दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही. या एका गुणाने मार्टिनी ब्रिटनच्या रेंजवर अर्धे शतक टिकली. आज अशी रायफल ज्याच्याकडे आहे, त्याने तिचा इतिहास माहीत करून घ्यायलाच हवा. कोणता दोष कोणत्या काळातला, हे कळले की आपल्या रायफलीत नेमके काय तपासायचे तेही कळते.

मूळ कल्पना बोस्टनच्या हेन्री पीबॉडीची. त्याने १८६२ मध्ये ब्लॉक मागच्या टोकाला पिनवर टांगला आणि पुढचे टोक खाली-वर होईल अशी रचना केली. त्याचा घोडा मात्र बाहेर होता आणि दर गोळीला हाताने चढवावा लागे. स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्डच्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीने तो घोडाच काढून टाकला आणि ब्लॉकच्या पोटात गुंडाळीची स्प्रिंग व स्ट्रायकर बसवला. स्ट्रायकरला अगदी थोडे अंतर जायचे असते, त्यामुळे चाप सुटल्यापासून गोळी पेटेपर्यंतचा वेळ कमी होतो. नेमबाजीत याचे मोल मोठे, कारण तेवढ्या वेळात हात हलला तर नेम हलतो. या यंत्रणेला एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची सात खाचांची नळी जोडून ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली.

हिंदी शिपायांच्या हाती ती लगेच आली नाही. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे, असे सरकारचे धोरण होते. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली, तेव्हा ६६व्या गोऱ्या रेजिमेंटकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडिअर्स आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. ब्रिटिशांच्या त्या पराभवानंतर काबूलहून कंदाहारकडे कूच करणारा सेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स. वीस वर्षांनी बोअर युद्धात ब्रिटिशांची नेमबाजी उघडी पडली आणि सामान्य नागरिकाला रायफल चालवता आली पाहिजे, असा आग्रह याच रॉबर्ट्सने धरला. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘मिनिएचर रायफल क्लब’ची चळवळ वाढली.

कामगाराला परवडेल असे काडतूस आधीच तयार होते. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल १८८७ पासून बाजारात होते. आवाज कमी आणि धक्का नावाला, शिवाय २५ यार्डांची जागा कुठल्याही सभागृहात मिळे. लष्करातून निघालेल्या मार्टिनींच्या नळ्यांत .२२ चे अस्तर बसवून त्या क्लबांना मिळू लागल्या. नंतर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने लहान सांगाड्याच्या (ब्लॉक बसतो त्या धातूच्या चौकटीच्या) खास .२२ मार्टिनी बनवल्या. त्यांत मॉडेल १२, मॉडेल १५ आणि दोघांचे गुण एकत्र आणणारे १२/१५ ही नावे आजही आदराने घेतली जातात.

याच काळाने जुन्या नळ्यांना रोग लावला. तेव्हाच्या काडतुसांच्या पेटवणीत, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की पोटॅशियम क्लोराइड उरते, आणि ते मिठासारखे हवेतला ओलावा ओढते. काळ्या दारूच्या दिवसांत भरपूर काजळी साठे, त्यात हे मीठ विरून जाई. धूरविरहित दारूने काजळी कमी केली, मीठ मात्र तेवढेच राहिले आणि थेट पोलादावर बसू लागले. मीठ तेलात विरघळत नाही. संध्याकाळी तेलाची चिंधी फिरवून निर्धास्त झालेल्या मालकाची नळी सकाळी आतून तांबूस झालेली असे. उपाय पाण्याचा होता. आधी गरम पाणी, मग कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेल. जर्मनीत गंज न आणणारी पेटवणी आधीच आली होती. रेमिंग्टनने तशी काडतुसे १९२६ मध्ये आणली, आणि त्यानंतर हा त्रास हळूहळू सरला. म्हणून त्याआधीची रायफल असेल तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच पुढचा भाग दिव्याच्या उजेडात पाहावा. तिथे बारीक खड्डे असतील तर त्यांत शिसे अडकते. सुरुवातीच्या गोळ्या एका जागी पडतात, पुढे गट पसरत जातो आणि दोष मात्र काडतुसांवर ढकलला जातो.

दुसरा रोग मालकांनी स्वतः लावलेला. मार्टिनीच्या सांगाड्याची मागची भिंत बंद असते. बोल्ट-रायफलीत बोल्ट काढून मागून साफसफाईची सळई घालता येते, इथे ती सोय नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या सळई तोंडाकडून, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या टोकाकडून, घातली गेली. तोंडाच्या काठावर ती एकाच बाजूला घासत राहिली की काठ लंबगोल होतो आणि बाहेर पडणाऱ्या गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो. गोळीला शेवटचा धक्का तिरका बसतो. अशा नळीचे खाच-कंगोरे आतून आरशासारखे असले तरी ती नीट गट देत नाही. रायफल विकत घेताना तोंड भिंगाखाली पाहा. खाचा काठापर्यंत टोकदार दिसल्या पाहिजेत.

साफसफाई चेंबरकडून तोंडाकडेच करावी. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी नळीपेक्षा थोडी लांब कापा, तिचे एक टोक गरम करून बोंड करा आणि दुसरे तिरके छाटा. छाटलेले टोक सुती चिंधीतून ओवून चेंबरमधून आत घाला आणि तोंडातून सरळ ओढून घ्या. एक चिंधी सॉल्व्हंटची, दोन-तीन कोरड्या, शेवटची तेलाचा जेमतेम हात लावलेली. पुढच्या वेळी गोळ्या झाडण्याआधी ते तेलही पुसून काढा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नका. स्ट्रायकरचे टोक चेंबरच्या काठावर आपटून तिथे दबका पडतो, आणि मग पुंगळी अडकू लागते.

१९५० पासून बीएसएने मार्टिनी इंटरनॅशनल काढली. तिची यंत्रणा सांगाड्यातून अखंड बाहेर येते, त्यामुळे स्प्रिंग-स्ट्रायकर पुसणे सोपे झाले. तरी एक जुने दुखणे उरलेच होते. पुढचे लाकूड नळीलाच जोडलेले, आणि झोपून मारताना स्लिंगचा (हाताला अडकवायच्या पट्ट्याचा) ताण त्या लाकडातून नळीवर येई. स्लिंग एक भोक घट्ट केली की गट सरके. १९५९ च्या मार्क ३ मध्ये सांगाडाच पुढे वाढवून लाकूड त्याला जोडले आणि नळी मोकळी सोडली. ज्यांच्याकडे १२/१५ आहे त्यांनी मात्र स्लिंगचे भोक ठरवून घ्यावे आणि बदलू नये.

तोवर जर्मनीत उल्मच्या आन्शुट्झ कंपनीने मॅच ५४ ही बोल्टची यंत्रणा आणली होती. बोल्ट भक्कम, चाप हवा तसा जुळवता येणारा, नळी मागून साफ होणारी. साठच्या दशकात मोठ्या स्पर्धा तिच्याकडे गेल्या. भारतात १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे संस्थापक लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपले दादासाहेब मावळणकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. एनसीसीत अनेक मराठी मुलामुलींनी पहिली गोळी झाडली तीही .२२ चीच, पण बोल्टच्या रायफलीतून.

आपल्याकडे जुनी .२२ असली तरी ती परवान्याची रायफल आहे. ब्लॉक आणि नळीमधली फट वाढली असेल तर परवानाधारक कारागिराकडेच जावे. काडतूस ध्वनीच्या वेगाखालचे निवडावे. वेगवान काडतुसाची गोळी वाऱ्याने जास्त सरकते.

दस्ता सांगाड्याला जोडणारा लांब बोल्ट वर्षातून दोनदा पाहावा, पावसाळ्याआधी आणि हिवाळ्यात. एका हाताने सांगाडा, दुसऱ्याने दस्ता धरून पिरगाळा. किंचित जरी हालचाल जाणवली तर मागची पट्टी काढून लांब स्क्रूड्रायव्हरने बोल्ट आवळा. हिवाळ्यात लाकूड आकसते, तेव्हा तो हमखास सैल सापडतो. कोकणात रायफल चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरून ठेवते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रायफल तोंड खाली करून उभी करा. तोंड वर असले तर तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरते. तिथले लाकूड काळे पडून मऊ होते, आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी दस्ता हलतोच.