मधुमेह, टीबी आणि रक्तातल्या जनुकांची साक्ष

मधुमेह आणि क्षय यांची जोडी डॉक्टरांना फार जुनी ठाऊक आहे. १९२२ मध्ये इन्सुलिन वापरात येण्याआधी मधुमेहींच्या मृत्यूचं क्षय हे एक मोठं कारण होतं. बोस्टनच्या हॉवर्ड रूट यांनी १९३४ मध्ये या जोडीवर सविस्तर निबंध लिहिला. पुढे इन्सुलिन आणि टीबीची औषधं सगळीकडे पोचली आणि हा विषय बाजूला पडला. २००८ मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा मधुमेहींना सक्रिय टीबी होण्याचा धोका सुमारे तिप्पट असल्याचं पुन्हा ठळकपणे दिसलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या रुग्णाची साखर आणि मधुमेहीची टीबीची लक्षणं, दोन्ही तपासण्याचा आराखडा दिला.

धोका का वाढतो, हे मात्र नुसत्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी पेशीत कोणती जनुकं किती बोलती आहेत, हे मोजावं लागतं. जनुक कामाला लागलं की त्याची आरएनए प्रत निघते. १९७७ च्या नॉर्दर्न ब्लॉट पद्धतीत एका वेळी एखाद्याच जनुकाची प्रत शोधता येई. १९९५ मध्ये स्टॅनफर्डमधून मायक्रोअ‍ॅरे आलं आणि एकाच काचपट्टीवर अनेक जनुकं मोजता येऊ लागली. २००८ च्या सुमारास आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे सगळ्या आरएनए प्रतींचा क्रम थेट वाचण्याची पद्धत, रुळलं. आरएनए फार लवकर नष्ट होतं, त्यामुळे रक्त घेताक्षणीच ते टिकवणाऱ्या नळ्यांनी या संशोधनाला मोठाच हात दिला.

२०१० मध्ये लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या रक्तात टीबीची ३९३ आरएनए प्रतींची खूण सापडली. तिच्यात इंटरफेरॉनमुळे (जंतूंशी लढताना शरीर सोडतं त्या संदेशवाहक प्रथिनांमुळे) जागी होणारी जनुकं ठळक होती. त्यानंतर तीन जनुकांवर बेतलेली चाचणीही तयार झाली. सीबीनॅट किंवा गोव्यात बनणारं ट्रूनॅट या टीबीच्या नेहमीच्या चाचण्या जंतूचा डीएनए शोधतात. तीन जनुकांची चाचणी मात्र रुग्णाच्या शरीराचा प्रतिसाद वाचते.

इथेच मधुमेह आडवा येतो. इंडोनेशिया, पेरू, रोमानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवरचा, टीबी-मधुमेहाच्या जोडीवर काम करणाऱ्या टँडेम प्रकल्पाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीसोबत मधुमेह असेल तर दाह वाढलेला आणि टाइप-१ इंटरफेरॉनचा (इंटरफेरॉनच्या एका गटाचा) प्रतिसाद मंदावलेला दिसला. साखर मधुमेहाच्या पातळीला पोचलेली नसून नुसती वाढलेली होती, अशा रुग्णांतही हाच कल होता. मला यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण असे लोक मधुमेहाच्या यादीत नसतातच.

इंटरफेरॉनवर उभी असलेली खूण मधुमेहींत फिकी पडत असेल, तर ती त्यांच्यावर पारखून घेतल्याशिवाय दवाखान्यात आणू नये. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अभ्यासानुसार सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत, आणि जगातले जवळपास एक चतुर्थांश टीबी रुग्णही इथलेच. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था यांनी भारत-अमेरिका भागीदारीत टीबी रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा करून नमुने जपले आहेत. ही पारख करायला त्यांच्याइतकी योग्य जागा क्वचितच असेल.