ग्राइंडरला तिसरी पिन का नसते?

रस्त्याकडेच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात चार इंची ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकाने लोखंड घासायचं-कापायचं हातमशीन, असतोच. त्याच्या प्लगकडे बघितलं तर पिना दोनच. घरातल्या इस्त्रीला आणि गिझरला तीन पिना लागतात. मग ज्याचं पुढचं तोंड चक्क अ‍ॅल्युमिनिअमचं आहे, जे घामेजल्या हातांनी घट्ट आवळून लोखंडाला टेकवायचं, त्याला अर्थिंग नाही हे कसं? कंपनीने वायरीत पैसे वाचवले असावेत, असा बहुतेकांचा समज. काही हौशी इलेक्ट्रिशियन तर नवीन मशीनची वायर काढून तीन कोअरची घालतात आणि अर्थ त्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तोंडाच्या, म्हणजे गिअर हेडच्या, स्क्रूला बांधून देतात.

उत्तर मशीनच्या नेमप्लेटवरच असतं: एका चौकोनाच्या आत दुसरा छोटा चौकोन. हे ‘क्लास टू’चं, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचं (वीज अडवणाऱ्या आवरणाचं) चिन्ह. अर्थिंगवाल्या मशीनमध्ये, म्हणजे ‘क्लास वन’मध्ये, आतलं एक इन्सुलेशन फाटलं तर करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जाईल आणि फ्यूज उडेल, असा हिशेब असतो. पण तो भरवसा मशीनवर नसून इमारतीच्या वायरिंगवर असतो. बांधकामाच्या जागी तीनदा जोड दिलेल्या एक्स्टेंशनमधून वीज येते, तिथे अर्थ पोचलाय की नाही हे सांगायचं कोणी? म्हणून हातात धरायच्या मशीनच्या बाबतीत वेगळा रस्ता निवडला गेला. वीज आणि हात यांच्यामध्ये दोन स्वतंत्र भिंती उभ्या करायच्या. एक पडली तरी दुसरीने एकटीने तग धरला पाहिजे. प्रमाणित मशीनमध्ये बाहेरच्या अर्थिंगची गरज उरत नाही, आणि क्लास टू मशीनला अर्थ जोडायला मानकात परवानगीही नाही.

यातली खरी कारागिरी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या बॉडीत नाही, ती आर्मेचरमध्ये आहे. आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग. लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, आणि मधून आरपार जाणारा पोलादी शाफ्ट. त्या शाफ्टच्या टोकाला गिअर, गिअर हेडला टेकलेलं बेअरिंग आणि पुढे कामगाराचा हात. वाइंडिंग जळून पत्र्यांना चिकटली तर वीज पत्र्यांत उतरणार, पत्र्यांतून शाफ्टमध्ये आणि शाफ्टमधून थेट हातात. हे थांबवण्यासाठी पत्र्यांची चळत आणि शाफ्ट यांच्यामध्ये प्लॅस्टिकची नळी ओतलेली असते. चांगल्या कंपनीचं आर्मेचर हातात घेऊन बघा: चळतीच्या दोन्ही टोकांना शाफ्टभोवती प्लॅस्टिकचं कडं दिसतं. हीच ती दुसरी भिंत.

शरीराची बाजूही बघायला हवी. साधारण एक मिलिअँपिअर करंट झिणझिण्या आणतो. दहाच्या आसपास गेला की पंजा मिटवणारे स्नायू आखडतात आणि माणसाला वस्तू सोडता येत नाही. दिव्याच्या बटणाला शॉक बसला तर हात झटकला जातो. ग्राइंडर मात्र आधीच मुठीत आवळलेला असतो. म्हणून क्लास टू मशीनमधून गळणाऱ्या करंटची मर्यादा 60745 या मालिकेत पाव मिलिअँपिअर ठेवली गेली, म्हणजे जाणवण्याच्याही खाली. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाची, म्हणजे आयईसीची, मानकांची ही मालिका अनेक वर्षं जगभर चालली. 2014 पासून तिची जागा हळूहळू 62841 ही मालिका घेत आहे. पहिल्या भागात सर्व मशीनना लागू होणारे नियम आणि पुढे ड्रिल, ग्राइंडर, गोल करवत अशा प्रत्येकासाठी वेगळा भाग, अशी तिची रचना.

चाचणीची प्रयोगशाळा म्हणजे मशीनचा पद्धतशीर छळ. ते आधी 48 तास 93 टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवतात, म्हणजे कोकणातला जुलै. त्यानंतर वायरीच्या पिना आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये हजारो व्होल्टचा दाब देतात. मशीन चालतं 230 व्होल्टवर, पण 60745 मध्ये दुहेरी इन्सुलेशनसाठी हा आकडा 3,750 व्होल्ट होता. ठिणगी पडली की नापास. मशीन एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर तीनदा टाकतात आणि त्यानंतर पुन्हा तोच दाब. इतकी मेहनत ज्या गोष्टीसाठी, ती साइटवर दिवसातून एकदा तरी होतेच, त्यामुळे ही चाचणी मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. 12 मिलिमीटर जाडीचं, मनुष्याच्या बोटासारखं सांधे असलेलं धातूचं कृत्रिम बोट प्रत्येक फटीत घालून बघतात, कुठे जिवंत भागाला लागतंय का. वायर जिथे बॉडीत शिरते तिथे ती ओढतात, पिळतात, हजारो वेळा वाकवतात. दहा टक्के जास्त आणि दहा टक्के कमी व्होल्टेजवर, 100 सेकंद चालू आणि 20 सेकंद बंद, असं मशीन कित्येक तास चालवतात.

या सगळ्यात बुद्धीची चाचणी म्हणजे तापमानाची. भार देऊन चालवलेल्या मोटरची वाइंडिंग आतून किती तापली? थर्मामीटर तिथे पोचत नाही, आणि पृष्ठभाग मोजला तर आतला सर्वांत तापलेला भाग सुटतो. पण तांब्याचा एक गुण कामाला येतो: तापमान एका अंशाने वाढलं की त्याचा विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स) साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. म्हणजे वाइंडिंग स्वतःच स्वतःचा थर्मामीटर. समजा, 30 अंशांच्या खोलीत थंड मशीनच्या वाइंडिंगचा विरोध 4 ओहम भरला आणि चालवून बंद केल्यावर 5 ओहम. वाढ एक चतुर्थांश. तिला 234.5 अधिक 30, म्हणजे 264.5 ने गुणलं की उत्तर 66. वाइंडिंग सरासरी 66 अंशांनी तापून 96 वर गेली. 234.5 हा आकडा तांब्याचा ठरलेला स्थिरांक. गंमत पुढेच आहे. मशीन बंद करून मीटरची टोकं लावेपर्यंत वाइंडिंग निवायला लागलेली असते. म्हणून थोड्या थोड्या अंतराने अनेक वाचनं घेतात, त्यांचा आलेख काढतात आणि तो मागे नेऊन बटण बंद झालं त्या क्षणाचा विरोध ठरवतात. ही मेहनत कशाला, तर वाइंडिंगवरचं वार्निश ठरावीक तापमानापलीकडे झपाट्याने म्हातारं होतं. वार्निश गेलं की पहिली भिंत गेली.

ग्राइंडरला विजेइतकाच धोका चाकाचा. चार इंची चाक मिनिटाला 11,000 फेरे घेतं तेव्हा त्याची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. ते फुटलं तर? प्रयोगशाळेत हा प्रश्न तोंडी सोडवत नाहीत. चाकाला कडेपासून खाचा पाडून ते मुद्दाम कमजोर करतात, बंदिस्त पेटीत मशीन चालू करतात आणि चाक फुटू देतात. गार्ड, म्हणजे चाकावरचं धातूचं अर्धं झाकण, जागेवर राहिला पाहिजे आणि तुकडे वापरणाऱ्याच्या दिशेने येता कामा नयेत.

आता दुकानात या. गार्ड खिळ्याला टांगलेला. कारण विचारलं तर, ‘कोपऱ्यात मशीन जात नाय.’ गार्ड काढला की मोठं चाकही बसतं, आणि अडचण तिथून सुरू होते. सात इंची चाक कडेच्या सेकंदाला 80 मीटर या वेगमर्यादेसाठी बनतं, म्हणून त्यावर सुमारे 8,500 फेरे लिहिलेले असतात. ते 11,000 फेऱ्यांच्या मशीनवर लावलं तर चाकाला फाडू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास 1.7 पट. लाकूड कापायची दातेरी ब्लेड लावणारे तर आणखी पुढचे. चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ते फार थोडे जण वाचतात. राळेने बांधलेलं चाक ओल शोषून कमजोर होतं, म्हणून हातातल्या मशीनच्या चाकांना युरोपीय मानकात उत्पादनापासून जास्तीत जास्त तीन वर्षं दिलेली आहेत.

सर्टिफिकेटकडे वळू. डब्यावरच्या सगळ्या खुणांना सारखं वजन देऊ नये. युरोपची ‘सीई’ खूण बहुतेक हातमशीनच्या बाबतीत कंपनीची स्वतःचीच घोषणा असते. कागदपत्रं तयार ठेवायची, जबाबदारी घ्यायची आणि खूण लावायची. (अक्षरं जवळजवळ असली की ती ‘चायना एक्स्पोर्ट’ची खूण, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा शोध, अशी कुठलीही अधिकृत खूण नाही.) जर्मनीची ‘जीएस’ ऐच्छिक आहे, पण ती तिऱ्हाईत संस्थेने तपासल्याशिवाय मिळत नाही. भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूणही परवान्याशिवाय लावता येत नाही: वर मानकाचा क्रमांक, खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. नुसतं आयएसआय छापलंय आणि क्रमांकच नाही, तर ते चित्रच समजावं.

तिऱ्हाईताने तपासलं तरी छळ सोसलेले नमुने मोजकेच असतात, आणि ते विकले जात नाहीत. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नगाची कारखान्यात फक्त काही सेकंदांची चाचणी होते, त्यात उच्च व्होल्टेजची ठिणगी बघणं आलंच. नमुना आणि नग एकसारखे राहावेत म्हणून परवाना देणाऱ्या संस्था कारखान्यात जातात, बाजारातून माल उचलून पुन्हा तपासतात. ही साखळी पक्क्या बिलापर्यंत टिकते. दुरुस्तीला गेल्यावर तिला कोणी विचारत नाही.

आर्मेचर जळालं की नवीन स्वस्तातलं घालतात किंवा जुन्यातच नवी तार भरून घेतात. त्या आर्मेचरच्या शाफ्टभोवती प्लॅस्टिकची नळी नसेल तर मशीन पूर्वीसारखंच पळतं, आवाजही तोच, नेमप्लेटवर चौकोनात चौकोनही तसाच, आणि भिंत मात्र एकच उरलेली. बाहेरून हे दिसत नाही, म्हणून आर्मेचर विकत घेतानाच कडं बघावं. दुरुस्ती झाल्यावर 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा विरोध मोजायचा मीटर, घ्यावा. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र एका टोकाला आणि गिअर हेडचा रंग खरवडलेला धातू दुसऱ्या टोकाला. मशीनचं बटण चालू स्थितीत हवं, नाहीतर मोटर मोजलीच जात नाही. जुन्या मानकांत दुहेरी इन्सुलेशनसाठी किमान 7 मेगओहम मागितलेले होते. चांगलं कोरडं मशीन त्याच्या कितीतरी वर दाखवतं. काटा त्याखाली आला तर मशीन गिऱ्हाइकाला परत न देता पुन्हा उघडावं.