गाणं कोणाच्या नावावर? डॉली पार्टनच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचं नाव निघालं की सोनेरी केसांचा टोप, चमचमते कपडे आणि तिचा तो खळाळता आवाज आठवतो. तिची कारकीर्द साठ वर्षं टिकली त्यामागे मात्र एक कमी दिसणारी गोष्ट आहे. आपल्या गाण्यांचे हक्क तिने जवळजवळ सुरुवातीपासून स्वतःकडे ठेवले. कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय संगीतात, आवाज अनेकांकडे होते, हे शहाणपण फार थोड्यांकडे होतं.

तिचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, टेनेसी राज्यातल्या सेव्हियर काउंटीतला. बारा भावंडांत ती चौथी. बाळंतपणासाठी आलेल्या डॉक्टरला वडिलांनी पैशांऐवजी मक्याचं पीठ दिलं होतं. दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलमध्ये कॅस वॉकरच्या कार्यक्रमात गाऊ लागली. बिल ओवेन्स हा मामा तिला गाडीतून घेऊन हिंडायचा, तिच्यासोबत गाणी रचायचा. १९५९ मध्ये, तेराव्या वर्षी, ती कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने कायमचं नॅशव्हिल गाठलं.

पुढचं समजायला तिथला हिशेब माहीत हवा. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक ध्वनिमुद्रण, ते बहुधा रेकॉर्ड कंपनीचं. दुसरी म्हणजे शब्द आणि चाल मिळून झालेली मूळ रचना. रचनेच्या रॉयल्टीचे प्रथेने दोन समान भाग होतात: अर्धा लिहिणाऱ्याचा, अर्धा पब्लिशरचा, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा. अमेरिकेत १९०९ पासून १९७७ पर्यंत कायद्याने ठरलेला दर होता रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे, प्रत्येक गाण्याला २ सेंट. दहा लाख प्रती खपल्या तर २०,००० डॉलर, त्यातले १०,००० पब्लिशरचे. नॅशव्हिलमध्ये नवखी मंडळी आठवड्याच्या उचलीसाठी हा दुसरा अर्धा भाग लिहून द्यायची. डॉलीची पहिली काही गाणीही अशीच दुसऱ्याच्या पब्लिशिंग कंपनीत गेली. पण १९६६ मध्ये तिने आणि मामाने स्वतःची ‘ओवेपर’ ही कंपनी काढली. ओवेन्स आणि पार्टन या दोन आडनावांची ती जोड. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि गायिका म्हणून तिचं एकही गाणं गाजलेलं नव्हतं.

१९६७ मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनरने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. वर्षाला ६०,००० डॉलर पगार, त्या काळी डोळे विस्फारावेत असा. कार्यक्रमातली आधीची गायिका नॉर्मा जीन हिच्या जागी आलेल्या या नव्या मुलीला प्रेक्षकांनी आधी थंड प्रतिसाद दिला. वॅगनरने तिच्यासोबत युगुलगीतं गायली, आपल्याच आरसीए या रेकॉर्ड कंपनीत तिला आणलं आणि तिचं बस्तान बसवलं. हे श्रेय त्याचं आहे आणि ते द्यायलाच हवं. मात्र पुढे तो ओवेपरमध्ये भागीदारही झाला. एकच माणूस कार्यक्रमाचा मालक, जोडीदार गायक, मार्गदर्शक आणि पब्लिशिंगमध्ये हिस्सेदार. अशा नात्यात एक धागा ओढला की सगळं उसवतं.

वॅगनरच्या कार्यक्रमात पाच वर्षं थांबेन, असं तिने सांगितलं होतं, सात झाली. दरम्यान ‘जोशुआ’ने १९७१ मध्ये तिला कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिला क्रमांक मिळवून दिला, पाठोपाठ ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ आलं, मग ‘जोलीन’. आता तिला बाहेर पडायचं होतं, पण वॅगनर ऐकून घेत नव्हता. तेव्हा तिने आपलं म्हणणं गाण्यात लिहिलं आणि त्याला गाऊन दाखवलं. तेच ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. १३ जून १९७३ ला ते मुद्रित झालं, १९७४ मध्ये बाजारात आलं आणि कंट्री यादीत अव्वल ठरलं. पुष्कळांना ते प्रेमभंगाचं गाणं वाटतं. खरं तर तो एका कामाच्या नात्याचा निरोप आहे.

मग एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. मुद्रणाच्या आदल्या दिवशी त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्करने निरोप दिला: पब्लिशिंगचे निम्मे हक्क मिळाल्याशिवाय एल्विस गाणार नाही. ही मागणी डॉलीपुरती नव्हती. पन्नाशीच्या दशकापासून एल्विसला गाणं द्यायचं तर हक्कांत वाटा द्यायचा, असा पार्करचा शिरस्ताच होता. नव्या गाण्यासाठी तो सौदा काहींना परवडायचा, कारण मोठ्या खपातला छोटा वाटासुद्धा मोठाच. पण हे गाणं तर आधीच गाजलं होतं. तिने नकार दिला आणि रात्रभर रडली, असं ती स्वतः सांगते.

या नकाराचं मोल १९९२ मध्ये कळलं. ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी आधी दुसरं गाणं ठरलं होतं, ते दुसऱ्या चित्रपटात वापरलं गेल्याचं कळलं. मग चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरने गायिका लिंडा रॉन्स्टॅटच्या १९७५ च्या आवृत्तीवरून डॉलीचं हे गाणं सुचवलं. त्या आवृत्तीत शेवटचं कडवं नव्हतं. ते आहे हे डॉलीनेच संगीत-निर्माता डेव्हिड फॉस्टरला कळवलं. चित्रपटाची नायिका, गायिका व्हिटनी ह्यूस्टनने गायलेलं हे गाणं अमेरिकेत सलग १४ आठवडे पहिलं राहिलं. दर आता ६.२५ सेंट होता, म्हणजे दहा लाख प्रतींना ६२,५०० डॉलर. शिवाय अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे रचनाकार आणि पब्लिशरला मिळतात. गाणाऱ्याला त्यातून काहीच नाही. रेडिओवर आवाज व्हिटनीचा, मानधन डॉलीचं. त्या पैशांतून तिने नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एक इमारत घेतली. ती व्हिटनीमुळे उभी आहे, असं ती मानते.

सगळंच तिने लिहिलं नाही. १९७७ मध्ये तिला पॉपच्या श्रोत्यांपर्यंत नेणारं ‘हिअर यू कम अगेन’ बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांचं होतं. आपले जुने श्रोते दुरावतील या भीतीने तिने त्यात स्टील गिटार हे कंट्री संगीताची ओळख असलेलं वाद्य घालायचा आग्रह धरला होता. १९८० च्या ‘नाइन टू फाइव्ह’ चित्रपटाचं त्याच नावाचं गाणं मात्र पूर्ण तिचं. चित्रीकरणाच्या वेळी ॲक्रिलिकची नखं एकमेकांवर वाजवून तिने टाइपरायटरसारखा ठेका काढला आणि तो मुद्रणातही ठेवला.

पुढची वाट भराभर सांगता येते. १९८६ मध्ये पिजन फोर्जच्या करमणूक उद्यानाचं ‘डॉलीवूड’ झालं आणि आपल्या डोंगरातल्या माणसांना तिने रोजगार मिळवून दिला. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे शल्य तिने मनात जपलं. १९९५ मध्ये सुरू केलेली ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दरमहा एक पुस्तक घरपोच आणि मोफत पाठवते. आतापर्यंत २० कोटींहून अधिक पुस्तकं गेली आहेत.

वॅगनरशी हिशेब मात्र सहज मिटला नाही. १९७९ मध्ये त्याने ३० लाख डॉलरचा दावा लावला. तो न्यायालयाबाहेर तडजोडीने संपला आणि काही वर्षं अबोला राहिला. कटुता हळूहळू विरली. मे २००७ मध्ये वॅगनरच्या ऑप्रीतल्या पन्नास वर्षांचा सोहळा झाला, तेव्हा डॉली मंचावर आली आणि त्याच्यासाठी लिहिलेलं ते निरोपाचं गाणं तिने त्याच्यासमोर गायलं. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तो गेला.