वंशशोध, कॅरिबियन-ब्रिटिश

कॅरिबियनमधील ब्रिटिश वसाहतींतून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या पूर्वजांचा कागदपत्रांच्या आधारे घेतलेला शोध. जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद व टोबॅगो आणि ब्रिटिश गियाना (आजचे गयाना) ही या स्थलांतराची प्रमुख उगमस्थाने होत. इंग्लंड व वेल्समध्ये राहणाऱ्या कॅरिबियन-जन्मा लोकांची संख्या १९५१ च्या जनगणनेत सु. १५ हजार होती. १९६१ पर्यंत ती सु. १ लाख ७२ हजारांवर गेली. बहुतेक कुटुंबांचा शोध या दहा वर्षांपाशी सुरू होतो आणि तिथून मागे जातो.

या शोधातील मुख्य अडचण कायद्यातून आली आहे. ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा (१९४८) १ जानेवारी १९४९ पासून अमलात आला आणि वसाहतींतील लोक ‘युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिक’ ठरले. परदेशी माणूस ब्रिटनमध्ये आला, की पोलिसांकडील नोंद, परवाना, नागरिकत्वाचा अर्ज, त्यावरील चौकशी असा कागदांचा माग मागे राहतो. किंग्स्टन (जमैका) किंवा ब्रिजटाउनहून (बार्बेडोस) आलेला माणूस मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतःच्याच राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आला होता. त्याला अर्ज करावा लागला नाही, म्हणून त्याची फाइलही तयार झाली नाही. वसाहती स्वतंत्र झाल्यावर (जमैका व त्रिनिदाद १९६२, गयाना व बार्बेडोस १९६६) ज्यांनी ब्रिटिश नागरिक म्हणून रीतसर नोंदणी करून घेतली, त्यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती राष्ट्रीय अभिलेखागारातील गृहखात्याच्या एचओ ३३४ या मालिकेत सापडू शकतात. पण अनेकांना त्याची गरजच वाटली नाही.

प्रवासी याद्या : लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी २६ ही आगमन याद्यांची मालिका आहे (१८७८–१९६०). यादीत प्रवाशाचे नाव, वय, व्यवसाय, चढण्याचे व उतरण्याचे बंदर, ब्रिटनमधील नियोजित पत्ता आणि शेवटच्या कायम वास्तव्याचा देश असे रकाने असतात. यांपैकी नियोजित पत्त्याचा रकाना सर्वांत मोलाचा. तिथे ज्याचा पत्ता दिलेला असतो तो बहुधा आधी आलेला भाऊ, मावशी किंवा गाववाला असतो, आणि एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या जहाजांनी उतरलेली माणसे जुळवत गेले, की अख्खे गाव कसे सरकले ते दिसू लागते.

‘एम्पायर विंडरश’ या जहाजाची यादी सर्वाधिक चाळली गेली आहे, आणि तिच्याबद्दल मतभेदही सर्वाधिक आहेत. तारीख कोठे २१ जून १९४८, तर कोठे २२ जून अशी येते. जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला २१ रोजी लागले व प्रवासी २२ रोजी उतरले, असा याचा उलगडा केला जातो आणि तो ग्राह्य वाटतो. संख्येचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तत्कालीन वृत्तपत्रांनी रूढ केलेला ४९२ हा आकडा आजही अनेक लेखांत आढळतो. यादीप्रमाणे मात्र जहाजावर १,०२७ प्रवासी होते, शिवाय दोघे चोरून चढलेले. त्यांपैकी ८०२ जणांनी शेवटचे वास्तव्य कॅरिबियनमधील सांगितले : जमैका ५३९, त्रिनिदाद ७३, ब्रिटिश गियाना ४४ इत्यादी. या बेरजेत बर्म्यूडाचे १३९ जण धरलेले दिसतात. बर्म्यूडा भूगोलाच्या दृष्टीने कॅरिबियन समुद्रात येत नाही, हे लक्षात ठेवावे. उरलेल्यांत मेक्सिकोहून चढलेले ६६ पोलिश निर्वासित होते, तसेच ‘शेवटचे वास्तव्य इंग्लंड’ असे लिहिलेले ११९ जण. या शेवटच्या गटाला शोधक सहसा वगळतात. तसे करू नये. रजेवर घरी जाऊन परतणारे रॉयल एअर फोर्समधील कॅरिबियन जवान या जहाजावर होते, आणि युद्धकाळ ब्रिटनमध्ये काढलेला माणूस वास्तव्याचा देश म्हणून इंग्लंडच सांगणार. वास्तव्याचा देश म्हणजे जन्मस्थान नव्हे, हा नियम सगळ्याच याद्यांना लावावा लागतो. जहाज त्रिनिदाद, किंग्स्टन, टॅम्पिको, हवाना, बर्म्यूडा असे फिरत आले होते. किंग्स्टनला चढलेला प्रत्येक जण जमैकन असेल असे नाही.

विंडरश हे पहिले जहाजही नव्हते. १९४७ मध्ये ‘ऑर्मंड’ आणि ‘आल्मान्झोरा’ ही जहाजे कॅरिबियन प्रवासी घेऊन येऊन गेली होती. त्याही आधी लिव्हरपूल व कार्डिफच्या गोदी वस्त्यांत कॅरिबियन खलाशी राहत होते, १९१५ मध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट उभी राहिली होती आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश होंडुरासचे (आजचे बेलीझ) लाकूडतोडे स्कॉटलंडच्या जंगलांत कामाला होते. घरात ‘आजोबा विंडरशने आले’ असे सांगितले जात असले आणि त्या यादीत नाव नसले, तर गोष्ट खोटी ठरवण्याची घाई करू नये. पुढे त्या जहाजाचे नाव एका पूर्ण पिढीलाच मिळाले. आठवणीत जहाज आणि पिढी एकमेकांत मिसळतात. ब्रिस्टलजवळील एव्हनमथला लागणाऱ्या केळ्यांच्या बोटी, प्लिमथ, साउदॅम्प्टन, लिव्हरपूल हीही बंदरे धुंडाळावी लागतात.

एवढे करूनही नाव सापडत नाही, याची तीन कारणे संभवतात. आगमन याद्या फक्त युरोप व भूमध्य समुद्राबाहेरील बंदरांतून निघालेल्या सफरींसाठी ठेवल्या जात. १९५० च्या दशकात बरेच प्रवासी इटलीतील जेनोआला उतरून तिथून आगगाडीने आणि इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या बोटीने इंग्लंडला आले. कागदोपत्री त्यांचा शेवटचा टप्पा युरोपातला ठरला आणि त्यांची यादीच झाली नाही. विमानाने आलेल्यांच्या अशा याद्या जपलेल्या नाहीत. शिवाय मालिका १९६० ला संपते, तर वसाहती व राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर मर्यादा घालणारा राष्ट्रकुल स्थलांतरित कायदा (१ जुलै १९६२ पासून लागू) येण्यापूर्वी पोहोचण्याची धडपड १९६१ मध्ये शिगेला गेली होती. त्या एका वर्षात वेस्ट इंडीजमधून सु. ६६ हजार लोक आल्याचा अंदाज आहे. म्हणजे लोंढा सर्वांत मोठा होता तेव्हा यादी नव्हती.

उतरताना भरलेली आगमनपत्रे (लँडिंग कार्ड) ही उणीव काही अंशी भरून काढू शकली असती. ती क्रॉयडन येथील गृहखात्याच्या कार्यालयात होती आणि २०१० मध्ये नष्ट करण्यात आली. हा निर्णय नेमका कोणत्या सरकारच्या काळात झाला, यावर २०१८ मध्ये राजकीय वाद झाला. वंशशोधकाच्या दृष्टीने त्या वादापेक्षा नुकसान मोठे आहे. १९७१ च्या स्थलांतर कायद्याने १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क मान्य केला, पण त्याचा कागद हातात दिला नाही. आईवडिलांच्या पासपोर्टवर लहानपणी आलेल्यांकडे आगमनाचा पुरावाच नव्हता. पुढे त्यांपैकी अनेकांची नोकरी, घर व औषधोपचार गेले, काहींना देशाबाहेर पाठवण्यात आले. राज्याने ज्यांना नागरिक म्हणून बोलावले त्यांच्याकडेच पन्नास वर्षांनी पुरावा मागितला, हा उघड अन्याय होता. ‘विंडरश प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घटनांनंतर शाळेचे दाखले, राष्ट्रीय विमा क्रमांक, दवाखान्यातील नोंदी यांचा शोध हा छंद न राहता हक्काचा प्रश्न बनला. २०१९ मध्ये भरपाई योजना सुरू झाली.

ब्रिटनमधील इतर साधने : जनगणनेचा उपयोग थोडा आहे. १९२१ ची जनगणना खुली आहे, १९३१ ची १९४२ मधील आगीत जळाली, १९४१ मध्ये ती झालीच नाही आणि १९५१ ची २०५२ पर्यंत बंद राहील. मतदार याद्या अधिक कामाच्या. कॅरिबियनहून आलेल्यांना मतदानाचा हक्क होता, त्यामुळे ब्रिक्स्टन, नॉटिंग हिल, बर्मिंगहॅमचे हँड्सवर्थ, मँचेस्टरचे मॉस साइड येथील याद्यांत एका घरातील भाडेकरूंची नावे वर्षागणिक पाहता येतात. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून बार्बेडोसमध्ये थेट भरती केली व प्रवासखर्च तेथील सरकारने कर्जाऊ दिला. घरच्या कागदांत ‘पार्डनर’ची वही आवर्जून पाहावी. पार्डनर म्हणजे जमैकन भिशी. बँका कर्ज देत नसत तेव्हा घराची पहिली रक्कम अनेकांनी त्यातून उभी केली, आणि वहीत हप्ते देणाऱ्यांची नावे असतात. ब्रिक्स्टनच्या विंडरश चौकातील ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज या संस्थेत अशा खासगी संग्रहांना स्थान मिळाले आहे. वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेताना हाक मारण्याचे नाव आणि दप्तरी नाव दोन्ही विचारावीत. जमैकात घरचे नाव इतके रुळलेले असते, की खरे नाव मयताच्या दाखल्यावरच प्रथम कळल्याची उदाहरणे आहेत.

कॅरिबियनमधील नागरी नोंदी : मागे जाण्यासाठी बेट पुरत नाही, पॅरिश (बेटाचा स्थानिक विभाग) कळावा लागतो. जमैकात जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी १८७८ पासून, त्रिनिदादमध्ये १८४८ पासून आणि बार्बेडोसमध्ये जन्मांची १८९० पासून आहे. त्यापूर्वीची भिस्त चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींवर. जमैकातील पॅरिशांची संख्या १८६७ मध्ये कमी करून १४ करण्यात आली, म्हणून जुन्या नोंदीतील पॅरिश आजच्या नकाशावर नसू शकतो. जमैकाच्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, कारण नाव बाप्तिस्म्यानंतर भरले जाई. आईबाप विवाहित नसतील तर वडिलांचा रकानाही कोरा राहतो. अशा वेळी शेवटचा रकाना वाचावा. खबर देणाऱ्याचे नाव, नाते, राहण्याचे ठिकाण आणि सहीऐवजी केलेली फुली तिथे असते. बहुधा खबर देणारी आजी किंवा शेजारीण असते, आणि आडनावाचा धागा तिच्यापासून लागतो. त्रिनिदादमध्ये मार्च १९०३ च्या दंगलीत रेड हाउस ही सरकारी इमारत जळाली व तेथील कागदपत्रांची हानी झाली.

गुलामगिरीचा काळ आणि आडनावांचा प्रश्न : गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली, सक्तीच्या ‘उमेदवारी’तून (पूर्वीच्या मालकाकडेच ठराविक मुदतीची बिनपगारी मजुरी) सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजी झाली (अँटिगा व बर्म्यूडा येथे उमेदवारीचा टप्पा नव्हता). त्यापूर्वीच्या शोधाचा मुख्य आधार म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारातील टी ७१ मालिकेतील गुलाम नोंदवह्या. त्या त्रिनिदादमध्ये सर्वांत आधी, तर जमैकात १८१७ पासून दर तीन वर्षांनी १८३२ पर्यंत झाल्या. त्रिनिदादच्या वह्यांत कुटुंबे एकत्र मांडलेली असून उंची, अंगावरील खुणा व आफ्रिकेतील मूळही दिलेले आढळते. जमैकाच्या वह्या त्या मानाने त्रोटक : नाव, लिंग, वय, वर्ण, आफ्रिकेत जन्म की बेटावर, आणि क्वचित आईचे नाव. १८१७ नंतरच्या फेऱ्यांत तर फक्त वाढ व घट, म्हणजे जन्म, मृत्यू व खरेदी-विक्री. नोंदी मालकाच्या नावाखाली लावलेल्या असल्याने मालक कोण हे आधी ठाऊक असावे लागते.

मालक शोधण्यासाठी कुटुंबाच्या आडनावाचा आधार घ्यावा का, हा वादाचा मुद्दा आहे. मुक्त झालेल्यांनी शेवटच्या मालकाचे आडनाव घेतले असे जुनी मार्गदर्शके सरसकट सांगतात. दुसऱ्या मतानुसार आडनाव आधीच्या मालकाचे, मुकादमाचे, बाप्तिस्म्यातील धर्मपित्याचे, मिशनऱ्याचे किंवा स्वतः निवडलेलेही असू शकते. पुष्कळ मळेवाले इंग्लंडमध्येच राहत आणि मजुरांनी त्यांना कधी पाहिलेलेही नसे. बाप्तिस्म्यानंतर वहीत आलेली आडनावे मळ्याच्या मालकाच्या नावाशी जुळतातच असे नाही. हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. आडनाव हा पुरावा न मानता सुगावा मानावा. सरकारने मालकांना दिलेल्या २ कोटी पौंडांच्या भरपाईचे सु. ४६ हजार दावे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या आंतरजालावरील संग्रहात पाहता येतात व ते मळ्यापर्यंत पोचवतात. मुक्त झालेल्यांना मात्र या रकमेतील काहीही मिळाले नाही. १८३८ ते नागरी नोंदणी यांमधला काळ जमैकात चाळीस वर्षांचा असून तो अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट व मोरेव्हियन चर्चच्या नोंदींतून जमेल तसा सांधावा लागतो.

भारतीय वंशाची कुटुंबे : गयानात १८३८ पासून, तर त्रिनिदाद व जमैकात १८४५ पासून भारतीय करारबद्ध मजूर आले, १९१७ पर्यंत गयानात सु. २ लाख ३९ हजार, त्रिनिदादमध्ये सु. १ लाख ४४ हजार आणि जमैकात सु. ३६ हजार. जमैकाच्या पहिल्या जहाजाच्या नावाबद्दल एकमत नाही (‘ब्लंडेल हंटर’ की ‘मेडस्टन’). १० मे १८४५ ही तारीख मात्र सामान्यतः मान्य आहे. या शाखेचा माग आफ्रिकन शाखेपेक्षा स्पष्ट लागतो. मजुराच्या परवान्यावर वडिलांचे नाव, जात, जिल्हा, पोलीस ठाणे, गाव, उंची व अंगावरील खूण लिहिलेली असे. एकेरी नाव पुढच्या पिढीत आडनाव झाले, हे ध्यानात ठेवावे. त्रिनिदादमध्ये हिंदू विवाहांना १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वतंत्र कायदेशीर मान्यता नव्हती. त्यामुळे नांदत्या घरातील मुलेही दप्तरी अनौरस ठरली आणि आईच्या नावावर नोंदली गेली. मजूर मुख्यतः कलकत्ता व मद्रास येथून गेले. मुंबईमार्गे गेलेल्या मराठी मजुरांचा ओघ मॉरिशसकडे होता. त्यांचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत.

जनुकीय चाचण्या : रक्ताच्या नात्यातील अनोळखी व्यक्ती जुळवण्यासाठी, विशेषतः जन्मनोंदीत वडिलांचा रकाना कोरा असेल तेव्हा, त्यांचा उपयोग होतो. आफ्रिकेतील प्रदेशांबद्दल त्या देत असलेल्या टक्केवाऱ्या तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांवर अवलंबून असतात आणि नमुने वाढले की बदलतात. लहान बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झाल्याने दूरचे नातेवाईक जवळचे भासतात, म्हणून चाचणीतून निघालेले नाते नोंदवहीशी ताडून पाहिल्याशिवाय वंशवृक्षात घेऊ नये.