योनीला साबण नको

काळी किंवा गडद निळी अंतर्वस्त्रं काही महिन्यांत मधल्या पट्टीवर फिकी पडतात, तांबूस दिसू लागतात. बऱ्याच जणी रंगाला दोष देतात आणि तुळशीबागेतल्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द सुनावतात. काही जणींना वाटतं, आपल्यालाच काहीतरी झालंय, आणि त्या गप्प बसतात. दुकानदार निर्दोष आहे आणि तब्येतही बहुधा ठणठणीत आहे. तो रंग आम्लाने उडालेला असतो, आणि निरोगी योनीत ते आम्ल असायलाच हवं.

शाळेत आपण सामू (पीएच) शिकलो होतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. रक्ताचा सामू ७.४ असतो. पाळी येण्याच्या वयातल्या निरोगी योनीचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो. हे आम्ल तयार करतात लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू. आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. पेशी गळून पडल्या की त्यातून सुटलेल्या साखरेचं हे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात. विरजण लावलेल्या दुधात घडतं, त्याच जातीचं हे काम. या आंबट जागेत बाहेरून आलेल्या बहुतेक जंतूंना बस्तान बसवता येत नाही.

सगळ्याच बायकांत हे जिवाणू सारख्या प्रमाणात नसतात. अमेरिकेत ३९६ निरोगी स्त्रियांची तपासणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. त्यातल्या सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं, तरी त्यांना कसलाही त्रास नव्हता. त्यामुळे घरी पट्टी लावून सामू मोजत बसण्यात अर्थ नाही.

एवढं कळलं की रोजच्या सवयींचा निम्मा हिशेब आपोआप सुटतो. साध्या साबणाचा सामू ९ ते १०. तो आत गेला की आम्ल मरतं आणि आम्ल करणारेही धुऊन जातात. पाळी संपल्यावर बादलीत झाकणभर जंतुनाशक टाकून ‘आतून स्वच्छ’ होण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती तर सरळ नुकसानच करते. योनिमार्ग स्वतःला स्वतः साफ करतो. तिथून जो स्राव येतो, तीच त्याची सफाई. बाहेरचा भाग आणि घड्या दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुतल्या की पुरे. साबण लावायचाच असेल तर बिनवासाचा, थोडासा, आणि बाहेरच. औषधाच्या दुकानात मिळणारे गुलाबी बाटलीतले सुगंधी ‘व्ही वॉश’ छापाचे द्रव माझ्या मते पैशाचा अपव्यय आहेत. काही जणींच्या त्वचेची त्यांनी आग होते, ती वेगळीच.

इंटरनेटवरचे आरोग्य-सल्ले बहुतेक कागदाने पुसणाऱ्या देशांतले असतात, त्यामुळे आपल्याकडच्या संडासातल्या जेटबद्दल त्यात काही सापडत नाही. जेटचा फवारा मागून पुढे मारला तर गुदद्वाराजवळचे जंतू योनीकडे आणि लघवीच्या जागेकडे ढकलले जातात. जोरात आत मारला तर तो आतून धुण्याचाच प्रकार झाला. धार हळू ठेवायची, पाणी पुढून मागे जाऊ द्यायचं आणि मग कोरडं टिपून घ्यायचं.

दह्याचा प्रश्न हमखास निघतो. दही खाण्यात काही वाईट नाही, पण ते योनीत लावू नका. दह्यातले जिवाणू आणि योनीतले लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस एकाच घराण्यातले म्हटले तरी वेगळे. दह्यातले तिथे मुक्काम करत नाहीत.

अंगावरून पांढरं जाणं ही तक्रार मात्र जरा सविस्तर बघू. दिवसाला १ ते ४ मिलिलिटर स्राव अगदी स्वाभाविक आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पातळ, ताणला जाणारा होतो, नंतर दाट. ‘पांढरं गेलं की हाडं झिजतात, ताकद जाते’ हे आजीच्या पिढीपासून ऐकत आलेलं वाक्य. त्याला शरीरशास्त्रात आधार नाही. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी जास्त दिसला होता.

म्हणून प्रत्येक तक्रार मनाची असते असं मात्र नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या निष्कर्षांत ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. पुण्यात दवाखाने जागोजागी आहेत, पण लाज तेवढीच आहे. केमिस्टच्या काउंटरवर हळू आवाजात ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की तो गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवतो. त्यात बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध एकत्रच असतं. पण आजार एक नसतो. दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट स्राव आणि प्रचंड खाज ही बहुधा कॅन्डिडा या बुरशीची लक्षणं. पातळ, करडा स्राव आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधांनंतर, हा जिवाणूंचा तोल बिघडल्याचा प्रकार. वीर्य अल्कधर्मी असतं, म्हणून तेव्हा तो वास वाढतो. हिरवट, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास हा परजीवी, आणि मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. प्रत्येकावरचं औषध वेगळं आहे. शिवाय विनाकारण घेतलेलं प्रतिजैविक लॅक्टोबॅसिलसलाच मारतं आणि पुढच्या बुरशीला जागा करून देतं.

जिवाणूंचा तोल बिघडण्याचा हा प्रकार औषधाने बरा होतो आणि पुन्हा उलटतो, म्हणून बायका त्याला कंटाळतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाईबरोबर तिच्या पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्के राहिलं. फक्त बाईला औषध दिलेल्या गटात ते ६३ टक्के होतं. इतकी वर्षं ‘तू नीट स्वच्छता ठेवत नाहीस’ हे ऐकून घेतलेल्यांनी हा आकडा घरी जरूर वाचून दाखवावा.

कपड्यांचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बाल्कनीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि अर्धवट ओली अंतर्वस्त्रं अंगावर चढतात. बुरशीला ओलावा आवडतो. इस्त्री फिरवून पूर्ण वाळवा. सुती घ्या. रात्री सैल घाला किंवा घालूच नका. जिमवरून किंवा पावसात भिजून आल्यावर तीच घट्ट लेगिंग घालून तासभर फोन बघत बसू नका.

या शहराची खरी अडचण लघवीची आहे. पेठांमधल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या मुली, दुचाकीवरून कात्रज ते हिंजवडी करणाऱ्या नोकरदार, लक्ष्मी रोडवर खरेदीला आलेल्या बायका, सगळ्यांचा उपाय एकच: पाणी कमी प्यायचं आणि धरून ठेवायचं. गणपतीआधीचे कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकातल्या मुली नदीपात्रात संध्याकाळभर सराव करतात, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत तर तासन्‌तास रस्त्यावर उभ्या असतात. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची. जंतूंना मूत्राशय गाठायला फार लांब जावं लागत नाही, आणि लघवीच्या धारेबरोबर ते बाहेर फेकले जाणं हाच मोठा बचाव. ‘धरून ठेवू नका’ असं लिहिणं सोपं आहे. स्वच्छतागृह बांधणं आणि ते स्वच्छ ठेवणं हे ज्यांचं काम आहे, त्यांनी ते करेपर्यंत निदान पाणी कमी करू नका आणि संबंधांनंतर लघवीला जाऊन या.

पाळीचं रक्त आम्ल नसतं, त्यामुळे त्या दिवसांत योनीचा आंबटपणा उतरतो. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, तो कमी भरला असला तरी. पाळीचा कप वापरत असाल तर बारा तासांच्या आत रिकामा करायचा आणि दर पाळीआधी उकळून घ्यायचा. सुगंधी पॅड टाळलेले बरे.

मधुमेह असलेल्या बायकांना वारंवार खाज येत असेल तर आपल्या गोळ्यांची नावं वाचावीत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. चांगली औषधं आहेत, पण त्या साखरेवर बुरशी पोसते. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. खाज हा या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं. मग ग्लायकोजेन कमी, लॅक्टोबॅसिलस कमी, सामू ५ च्या वर. योनी कोरडी पडते, जळजळ होते आणि लघवीचे संसर्ग पुन्हापुन्हा होतात. घरातली मोठी माणसं ‘वयाप्रमाणे चालायचंच’ म्हणून हे सोसतात. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम हे संसर्ग कमी करतं, हे १९९३ पासून चाचण्यांतून दिसलेलं आहे. ते कोणाला चालेल हे डॉक्टर ठरवतील. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडंसं जरी रक्त दिसलं, तरी ते ‘उष्णतेने’ झालं असेल म्हणून थांबायचं नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्यायची.