टक्कल संप्रेरकामुळे पडते, पण त्याच्या प्रमाणामुळे नव्हे

पंचविशीत कपाळावरचे केस मागे सरकू लागले की घरात पहिला दोष बोअरच्या पाण्याला दिला जातो, मग हेल्मेटला आणि मग बदललेल्या शाम्पूला. आनुवंशिक टक्कल यांपैकी कशानेही पडत नाही. त्याचे कारण त्वचेतील केशकूपात, म्हणजे केस जिथे तयार होतो त्या सूक्ष्म पिशवीत असते.

जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. अशा काही जणांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले, इतरांचे मात्र टिकले. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुरुषी संप्रेरक जास्त असले की टक्कल पडते हा रूढ समज त्यापुढे टिकत नाही. टक्कल पडलेल्या बहुतेक पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण इतरांइतकेच असते. वेगळी असते ती केशकूपांची संवेदनशीलता, आणि ती वारशाने येते.

प्रत्यक्ष परिणाम घडवते ते टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच डीएचटी. हे रूपांतर फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सॅलिनास गावातल्या काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच अपुरे असते, हे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तिथल्या अशा पुरुषांत टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही कपाळ मागे सरकलेले नव्हते, दाढी विरळ होती आणि प्रोस्टेट ग्रंथी लहान होती. हे विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२ साली वाढलेल्या प्रोस्टेटवरील उपचारासाठी आणि १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाले. ते घेत राहीपर्यंतच उपयोगी पडते, त्याचे लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात आणि पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत त्याने बाधा येऊ शकत असल्याने गरोदर स्त्रीने ते घ्यायचे नसते. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून ते सुरू करणे धोक्याचे आहे.

डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर, आणि सुमारे तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर गळून त्याच जागी नवा उगवतो. संवेदनशील केशकूपात डीएचटीमुळे वाढीचा हा काळ आखडतो, प्रत्येक फेरीत कूप थोडा लहान होतो आणि केस अधिक बारीक, आखूड व फिकट येत जातो, तो अखेरीस लव भासावी इतका. त्यामुळे कंगव्यात अडकलेले केस मोजण्यापेक्षा ते उजेडात धरून पाहावेत. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्यांत आखूड आणि नाजूक केसांचे प्रमाण वाढत असेल, तर मात्र ते सूचक असते.

आश्चर्य असे, की ज्या डीएचटीने माथ्यावरचे केस खुरटतात त्यानेच दाढी दाट होते, आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. केसरोपण शक्य होते ते यामुळेच, कारण मागून काढलेला कूप माथ्यावर लावला तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही.

टक्कल आईच्या वडिलांकडून येते, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे. डीएचटी पेशीतील ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते; तथापि ५० हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुषांच्या २०१७ सालच्या अभ्यासात टकलाशी संबंधित अडीचशेहून अधिक जनुकीय जागा आढळल्या, आणि त्यांतील बहुसंख्य इतर गुणसूत्रांवर आहेत. म्हणून वडिलांचे डोके पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

स्त्रियांमध्ये कपाळाची रेषा सहसा टिकते आणि भांग रुंदावत जातो. त्यांच्या बाबतीत संप्रेरकांचा वाटा इतका सरळ नसतो; अनेकींच्या रक्तातील पुरुषी संप्रेरके सामान्य असतात. तरीही आनुवंशिक म्हणून सोडून देण्यापूर्वी थायरॉईड आणि लोह तपासून घ्यावे, आणि पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएस या बीजांडकोशाशी संबंधित संप्रेरक-विकाराचीही तपासणी करावी, कारण या तिन्हींवर उपचार आहेत.